किसनच्या वाफ्यातली पाच बोटांची पानं

"परकार, तुम हॉर्टिकल्चर का आदमी है. बोलो, ये गांजा है कि नहीं?"

कॅम्प मॅनेजर जॉर्जने दाखवलेल्या वाफ्यात छातीइतकी उंच दहा-बारा झाडं उभी होती. पानं पंजासारखी, पाच बोटांची, कडा करवतीच्या. खरं सांगतो, मला काहीच कळेना.

फुटबॉलचा वर्ल्ड कप वर्षभरावर आला होता. आमची कंपनी स्टेडियमबाहेरची हिरवळ करत होती आणि आमचे माळी इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहत होते. हा वाफा किसनचा, खोलीमागे एसीच्या पाण्यावर वाढवलेला. किसन नांदेडकडचा, पन्नाशीचा, माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला माळी. इथे आखातात गांजा सापडला तर सरळ जेल आणि मग मायदेशी रवानगी.

जॉर्जने इंटरनेटवरून एक पान प्रिंट करून आणलं होतं. कुठल्याशा हायब्रिड गांजाचं वर्णन. हायब्रिड म्हणजे दोन जातींचा संकर, जसा आपण गुलाबात करतो. तो एकेक मुद्दा वाचू लागला.

"अरोमा. लेमन और मिट्टी." मी वाकून वास घेतला. लिंबाचा वास होता. ओल्या मातीचाही होता.

"इफेक्ट. रिलॅक्स करता है, नींद आता है. फ्रायडे को लंच के बाद इसका पूरा रूम चार बजे तक सोता है. मैंने खुद देखा."

"कल्टिव्हेशन. फुल धूप, दिन छोटा हुआ तो कली." नोव्हेंबर चालू होता आणि शेंड्यांवर कळ्या फुगल्या होत्या.

किसन बाजूला उभा होता. "साहेब, अंबाडी हाय ती. भाजी. बी गावाकडून आनलं म्या."

आता मी चिपळूणचा. अंबाडी आमच्या ताटात कधी आली नाही. डिग्रीच्या पुस्तकात धाग्याच्या पिकांमध्ये तिच्यावर चार ओळी होत्या, त्याही परीक्षेपुरत्या. अंबाडी आंबट असते एवढं आठवलं, म्हणून पान चावून बघायला हात पुढे केला.

"हात मत लगाओ! एव्हिडन्स है," जॉर्ज ओरडला आणि त्याने वाफ्याभोवती पिवळी टेप लावली.

शेवटी मी म्हणालो, "गांजा के फूल को पंखुड़ी नहीं होती. कली खिलने दो, पता चलेगा."

"सुबह आठ बजे तक. फिर पोलीस को फोन. मेरा भी जॉब है."

शहरातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत घरी येऊन मी पुस्तक उघडलं, तर गोंधळ आणखी वाढला. अंबाडीच्या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी गांजासारखी! म्हणजे जॉर्जही बरोबर, किसनही बरोबर, आणि मी मात्र अधांतरी. सलमाने, माझ्या बायकोने, सगळं ऐकून विचारलं, "किसन तुमच्याशी कधी खोटं बोललाय?"

"नाही."

"मग?"

मग काय, पानं गांजासारखी होती.

सकाळी सातला आम्ही तिघं टेपपाशी उभे होतो. एक कळी उमलली होती. पिवळसर, जास्वंदीसारखं मोठं फूल, मध्ये गडद लाल. जॉर्जने हातातला कागद उलटसुलट केला. "ये फूल तो इसमें नहीं है."

"और लेमन?" त्याने विचारलं.

किसनने टेपखाली वाकून कडेचा गवती चहा दाखवला. आदल्या दिवशी आम्ही तोच तुडवत उभे होतो.

"और नींद?"

"सहा दिस उन्हात राबल्यावर सातव्या दिशी लसनाची फोडनी दिलेली भाजी आन भाकर खाऊन झोपून बघा म्हनावं," किसन मला म्हणाला. मी त्याचं हिंदी केलं नाही. जॉर्जला समजलं असावं.

"खलास," म्हणत त्याने टेप काढली. पण झाडंही उपटायला लावली. इन्स्पेक्शनला येणारा प्रत्येक माणूस फुलाची वाट बघत थांबेलच असं नाही, हे त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. किसनने झाडं स्वतःच उपटली, पानं खुडली आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. "वैनींना द्या. आंबट असती, जरा गूळ घाला." माझ्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून झाड ओळखायची वेळ आली की मी आधी लावणाऱ्याला विचारतो, आणि तो सांगतो ते ऐकतो.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सलमाने भाजी केली. मी दोनदा वाढून घेतली. झोप मात्र आली नाही.