जुन्या मोटारीने मुऱ्हाळी: परभणी ते येलदरी

धाकटी बहीण गोदा येलदरीला दिली, त्याला दोन दिवाळ्या झाल्या, पण ती एकदाही माहेरी आली नव्हती. दोन्ही वेळा मी मुऱ्हाळी म्हणून, म्हणजे तिला आणायला, बैलगाडी जुंपून गेलो. दोन्ही वेळा तिचे सासरे आबासाहेब देशमुख यांनी मला पोटभर जेवू घातलं आणि रिकाम्या गाडीने परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "देशमुखाची सून बैलगाडीत धाडायची न्हाई, पाव्हणं. मोटार आणा अन् घेऊन जावा." अख्ख्या जिल्ह्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हा हे 'नाही'च होतं, फक्त देशमुखी थाटाचं. इकडे आईने जाहीर केलं की गोदा आल्याशिवाय घरात तळणाची कढई चढणार नाही.

आडतीचा हंगाम बरा गेला होता, म्हणून मी मोटारच घेतली. कचेरीतून निवृत्त झालेल्या एका पेशकारसाहेबांची, चार हात फिरून आलेली. "घोड्यासारखी पळते," ते म्हणाले. कोणत्या घोड्यासारखी, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

जुनी मोटार घ्यायची हौस असलेल्यांना आधीच सांगतो, घेतानाची किंमत हा नुसता मुहूर्ताचा नारळ. पहिल्याच आठवड्यात दोन टायर, पंख्याचा पट्टा आणि भोंग्याचा रबरी फुगा बदलला. ब्रेक लागत नव्हते, पण मोटार सुरूच होत नसल्यामुळे त्यांची निकड नव्हती. या सगळ्यात निजामाचे इतके हाली रुपये गेले की बायको मोटारीला सवत म्हणू लागली.

सोबतीला तात्या, माझे चुलते. ते एकदा लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून नांदेडला गेले होते आणि तेव्हापासून यंत्रांतले जाणकार होते. "मोटार म्हंजे बैलच," ते म्हणाले. "काय म्हनायलीय ते कान देऊन ऐकायचं." परभणी सोडायच्या आतच ती बरंच काही म्हणायला लागली.

झरीपर्यंत रस्ता मुरमाचा आणि बरा आहे. पुढे काळी माती, त्यात बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या. एकदा चाक त्यात उतरलं की मोटार तुम्ही चालवत नाही, चाकोरी चालवते. पेट्रोलचे डबे परभणीहूनच भरून घ्यावेत. पंक्चरचं सामान, दोर आणि पाण्याची घागर तर हवीच, कारण आमच्या मोटारीचा रेडिएटर गळका होता आणि दर दोन-तीन मैलांवर ती चुलीवरच्या आधणासारखी उकळायची. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेइतकी उभी होती. मला मात्र पुढून येणाऱ्या वाफेशिवाय फारसं काही दिसलं नाही.

दुधनेच्या पात्रात पाणी घोट्याएवढंच होतं. मोटार बरोबर मधोमध जाऊन थांबली. काठावर एक शेतकरी बैलांना पाणी पाजत होता. त्याने सावकाश विचारलं, "मालक, ही चालती कशावर?"

"पेट्रोलवर," तात्या म्हणाले.

"मग आज उपास हाय का?"

त्याने बैल जुंपून आम्हांला बाहेर काढलं आणि जे पैसे मागितले त्यात माझी मागची बैलगाडीची एक अख्खी खेप झाली असती. माझा सल्ला असा, की बैलवाल्याशी भाव मोटार पाण्यात घालण्याआधी ठरवावा.

बोरीला भजी फार छान मिळतात, सोबत तळलेली मिरची. हे सांगतो, कारण तिथे मोटारीखाली आडवं पडून मी ती खाल्ली आणि तरी छान लागली. रात्री जिंतूरला ओळखीच्यांकडे पिठलं-भाकरी खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी येलदरीची वाट, आणि तिच्यावर चढ. आमच्या मोटारीची पेट्रोलची टाकी सीटखाली. चढाला तोंड वर झालं की पेट्रोल मागेच राही आणि इंजिन उपाशी मरे. उपाय एकच, मोटार उलटी फिरवून पाठीकडून चढवायची. येलदरीतलं आबासाहेबांचं घरही चढावरच. तेव्हा ज्या मोटारीची गाव वाट पाहत होतं, ती देशमुखांच्या दारात पाठ करून अवतरली.

आबासाहेब ओट्यावर उभे होते. "पाव्हणं, सोयऱ्याच्या दारी पाठ दावून येत असतेत का?"

"निघताना वळवायला नको म्हणून," तात्या लगेच म्हणाले. "लेक घेऊन जायची हाय न्हवं."

आबासाहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं. मला दारात गोदा दिसली. वाळली होती. मला एकदम भरून आलं आणि मी उगाच टायरला लाथ मारून पाहिली.

पाय धुवायला आम्ही आत गेलो. मोटार बाहेर फुसफुसत होती. "तान्हेजलीय ती, पाणी पाजा तिला," तात्या आतून ओरडले. तेव्हा आबासाहेबांनी सगळ्या गावासमोर सांगितलं, "देशमुखाच्या दारी नुसतं पाणी कुणालाच देत न्हाईत. मोटार झाली तरी पाव्हणीच. सूनबाई, तिच्या पाण्यात गुळाचा खडा टाका." आम्ही बाहेर येईपर्यंत पाहुणचार पार पडला होता. त्यांनी दिलेला मान परत कसा करणार?

सकाळी मोटारीला हळदकुंकू लावलं, गोदा मागे बसली, तात्यांनी हँडल मारलं आणि चमत्कार म्हणजे गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. वेशीपर्यंत गेली. तिथे रेडिएटरच्या तोंडातून तपकिरी फेस उसळला, गुऱ्हाळाचा वास सुटला आणि इंजिन कण्हून बंद पडलं. गांधीलमाश्या कुठून आल्या देव जाणे. आता आबासाहेब म्हणणार, पुढच्या वर्षी या.

मागून चालत आलेले आबासाहेब काही बोलायच्या आत गर्दीतली एक म्हातारी हळहळली, "आगं बया, आबासायबांच्या गुळानं मेली की पाव्हणी!"

आबासाहेबांचा चेहरा उतरला. पाहुणा आपल्या दारात, आपल्याच हातचं खाऊन आडवा झाला, याहून मोठी नाचक्की कोणती? ते गरजले, "दमणी जुंपा! माजी खिलारी जोडी लावा! मोटारीला दुसरी जोडी! पाव्हण्याचं मानूस आज परभनीला पोचलंच पायजे!"

तर गोदा अखेर बैलांनीच माहेरी निघाली. पुढे दमणी, म्हणजे टपाची हलकी बैलगाडी, मागे दोराने ओढलेली मोटार, तिच्यात मी सुकाणू धरून आणि तात्या भोंगा वाजवत. दुधना या वेळी विनाखर्च पार झाली. परभणीच्या रस्त्यावर लोक हसले ते हसले, पण आईने दमणीचा पडदा सारला आणि पुढचं मी पाहू शकलो नाही.

मोटार मी भंगाराच्या भावाने विकून टाकली. विकण्याआधी मिस्त्रीने रेडिएटर उघडला, तर आतल्या सगळ्या नळ्या गुळाने गच्च. "हे एका खड्याचं काम न्हाई," तो म्हणाला. चुलीवर कढई चढली होती आणि गोदा करंज्या भरत होती. मी तिला मिस्त्रीचं म्हणणं सांगितलं.

तिने मान वर न करता करंजीची कड दुमडली.

"मामंजी खडाच म्हणाले होते, दादा. मी अर्धी ढेप विरघळवून घातली. ती मोटार दारात आली तवाच मला कळलं, ही काय जिंतूर बगत न्हाई. मग म्हणलं, मरायचीच हाय तर आमच्या हातानं मरू दे. तुझ्या हातानं मेली असती तर मी अजून तिथंच असते."