उरलेल्या गोळ्यांचा डबा

मिरजोळ्याजवळच्या शाळेत चारुदत्त मास्तरांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. जिवाणूंचा धडा तर ते असा रंगवत की पोरं जेवणाच्या सुट्टीत नळावर तुटून पडत. फळ्यावर एक ठिपका काढायचे. वीस मिनिटांनी दोन, मग चार, मग आठ. "ना लग्न, ना मुंज. मधोमध दुभंगला की एकाचे दोन. औषध पोटात गेलं की दुबळे आधी मरतात. दांडगे मागे राहतात आणि मग पिलावळ त्यांचीच." हे शेवटचं वाक्य मास्तरांचं स्वतःचं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

घरात पाऊल टाकलं की हा अभिमान चपलांबरोबर बाहेर राहायचा. पावसाळ्यासाठी फणसाच्या आठळ्या जपतात, तशा मास्तर उरलेल्या गोळ्या जपत. डॉक्टरांनी सात दिवसांच्या दिल्या की तिसऱ्या दिवशी, जरा बरं वाटताच, ते कात्रीने पाकीट कापत. उरलेला तुकडा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर ठसठशीत अक्षरात चिठ्ठी : 'घसा', 'दात', 'गळू'. फुकट घालवायचं म्हणजे मास्तरांना पापच वाटे.

गेल्या मे महिन्यात बागेत उमाकाकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, टाचेत काटा मोडला. काकूंना मधुमेह. टाच सुजली. मास्तरांनी 'गळू' उघडलं. दोन दिवसांत सूज उतरली आणि कात्री बाहेर आली.

"डॉक्टरांना दाखवूया हो एकदा," काकू म्हणाल्या.

"उतरलीय ना सूज? मग पुरे."

आठवड्याने टाच पुन्हा ठणकू लागली. मग 'दात' झाला, तीन दिवस. मग 'घसा'. दर खेपेला सूज थोडी उतरायची आणि दर खेपेला आधीपेक्षा वर चढायची. आषाढात घोटा काळा पडला, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

इस्पितळात पू तपासायला गेला. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. औषधांची लांबलचक यादी, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शेरा : उपयोग नाही. मास्तर नावं वाचत गेले. एकूणएक ओळखीची, कापलेल्या पाकिटांवरची. डब्यातल्या चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरातल्या होत्या.

"हे सगळं अर्धवट कोणी दिलं यांना?" बाईंनी विचारलं.

काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. एकतीस वर्षं वर्गापुढे बोललेला माणूस कागदाची घडी घालत राहिला. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला.

घरी आल्यावर दहा दिवसांच्या गोळ्या होत्या. त्या मास्तर घड्याळ लावून देत. सहाव्या दिवशी त्यांनी पट्टी सोडली. जखम कोरडी, स्वच्छ. मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. मग ते उठले, गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून पाहिलं आणि सवयीने फडताळातली कात्री काढली.

काकू खाटेवरून बघत होत्या.

"कापा की," त्या म्हणाल्या. "घाला डब्यात. अजून एक पाय आहे माझा."