बधिर झालेलं नाक

लढाईच्या त्या वर्षी जबलपूरच्या कारखान्यात मी तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये दारू भरायच्या टेबलावर होतो. समोर तराजूत चिमूटभर दारू, आणि मला सकाळपासून शिंकांवर शिंका. फोरमननं एकदाच सांगितलं, "पंद्रह दिन में नाक ठीक करो, नहीं तो यार्ड में पेटियाँ उठाओ." सहावीत शाळा सोडून रत्नागिरीकडून इतक्या लांब आलेला मी. टेबलावरचं कसब गेलं की माझ्याकडे दुसरं होतं काय?

नेपियर टाउनमधले डॉक्टर तीन पिढ्यांपासून इथलेच मराठी. औषधात भिजवलेला कापूस बारीक काडीला गुंडाळून त्यांनी नाकपुडीत पार आत सरकवला. तिथं मज्जातंतूंची गाठ असते म्हणाले. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"घाबरून काहून राहिला? नस बधिर होईल, बस."

अर्धा तास तसाच बसलो. दुसऱ्या दिवशी शिंक नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. देवमाणूस तो.

मग अर्ज केला. हिंदीची अक्षरं आपलीच, म्हणून स्वतःच लिहिला: "डॉक्टर साहब ने मुझे बधिर कर दिया है. अब मैं टेबल के काम के लायक हूँ."

दोन दिवसांनी हुकूम आला, यार्ड. कचेरीतला बाबू माझ्या कानाशी ओरडला, "सायरन नहीं सुनोगे तो भागोगे कैसे?"

"सुनता हूँ, बाबूजी."

"तुम्हीं ने लिखा है, बहरे हो."

हिंदीत बधिर म्हणजे बहिरा, हे मला कोण सांगणार? मी नाक दाखवायचो, तो कान दाखवायचा. उत्तर दिलं तर म्हणायचा, ओठ बघून बोलतोय. आठवडाभर पेट्या उचलल्या आणि रोज हेच. शेवटी फोरमनकडे गेलो. त्यानं बाबूला अर्ज घेऊन बोलावलं आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे कागद फडफडला. मी कान टवकारले. धास्तीनंच ऐकायचं राहून गेलं तर?

अगदी हळू आवाज आला, "किस गधे ने लिखी है ये?"

"मैंने, साहब."

बाबू खो खो हसला. फोरमननं न हसता 'बधिर' खोडलं आणि मला टेबलाकडे पिटाळलं.

पुढचा कापूस कधी घालायचा हे विचारायला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. अर्जाचं त्यांना सांगितलं नाही. शब्द त्यांचाच होता.