खिरीच्या आधीची गोळी

माझी मुलगी रडली आणि तिला दुसऱ्या कोणी उचललं की मला राग यायचा. उचलणारी बाई हमखास माझ्याकडे बघून म्हणायची, "पोटभर पाजलं नाई काय व हिले?" मी पाजलेलंच असायचं, दोन्हीकडून, हात भरून येईपर्यंत. पोरगी ओढून ओढून थकायची, तोंड बाजूला करायची आणि पुन्हा रडायची.

बाळंतपणाला मी माहेरी होते, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा थायरॉईड निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्यातली ग्रंथी कमी काम करते, दूध कमी येण्याचं तेही कारण असू शकतं. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी गोळी घ्यायची, मग तासभर काही खायचं नाही. मी मान हलवली. माझी माय बाळाला घेऊन बाहेर बसली होती, तिने हे ऐकलं नाही.

माय कापूस वेचायला जायची. मजुरांची गाडी लवकर यायची. त्याआधी ती दुधात हळिवाची खीर शिजवायची आणि वाटी माझ्या हातात देऊन समोर उभी राहायची.

"माय, आधी गोळी घ्या लागते. खीर मंग खातो."

"मंग म्हंजे कवा? मी गेल्यावर तू काई खात नाई, मले माईत हाय. बाळंतिणीले रिकाम्या पोटी ठेवत असते काय?"

"डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरले लेकरू पाजा लागते काय? गोळी बी घे अन् खीर बी घे. दोन्ही पोटातच जाते."

बाहेर गाडीतल्या बायका हाका मारत होत्या. मी गोळी खिरीच्या घोटाबरोबर गिळली. मग रोज तसंच होत गेलं.

दूध वाढलं नाही. माय खिरीत तूप वाढवत गेली. शेजारची मामी पाळण्याशी बसून म्हणाली, "इतकं खाऊन जाते कुठं व? पोरीच्या वाट्याचं बी तुयाच अंगाले लागून राह्यलं." माय हसली. मी भिंतीकडे तोंड करून पाजत राहिले. थायरॉईडने अंग फुगतं हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण ते मामीला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

अंगणवाडीत मुलीचं वजन जवळपास होतं तिथेच निघालं. सेविकेने आम्हाला दवाखान्यात पाठवलं. माय कामाचा खाडा करून सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त पुन्हा तपासून विचारलं, "गोळी कशी घेता?" मी खाली बघत राहिले. मायच कौतुकाने बोलली, "मीच देतो जी, खिरीसंगं. एक दिवस चुकला नाई."

"अहो, दुधासोबत घेतली तर ती गोळी अंगी लागत नाही. आणि बाळाला पावडरचं दूध आजच सुरू करा."

परतीच्या बसमध्ये माय म्हणाली, "तू काहून नाई बोलली?"

"बोललो होतो ना."

"एकडाव. दुसऱ्यांदा कायले नाई बोलली?"

मला तिचा राग आला आणि माझा त्याहून जास्त.

आता मी गोळी पाण्यासोबत घेते. खीर झाकून ठेवलेली असते आणि माय गाडीत चढता चढता ओरडते, "तास झाला काय व?" दूध वाढलं, पण थोडंच. आधी मी पाजते, मग वाटी-चमच्याने पावडरचं दूध. वाटी संपली की पोरगी शांत झोपते. तेव्हा मला बरं वाटायला हवं. पण पहिल्यापासून गोळी नीट घेतली असती तर ही वाटी लागली असती का, हेच डोक्यात येतं. मागच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना तसं विचारलं, माझं मीच. त्या म्हणाल्या, "ते आता सांगता येत नाही."