निष्पक्ष वाचक

जिंतुरात मनिषाबाईंच्या गल्लीत कुणालाही विचारा, एवढी शिकलेली आणि एवढी सरळ सून दुसरी नाही असंच सांगतील. गल्लीतल्या कुणाला ‘वेशीवर’ माहीत नाही, म्हणून सांगतील.

‘वेशीवर’ म्हणजे मराठी ब्लॉगांची एक वेबसाइट. आपल्या किंवा दुसऱ्याच्या ब्लॉगवरच्या लेखाची लिंक तिथं टाकायची. वाचणाऱ्याला आवडलं तर त्यानं वरचा बाण दाबायचा, नाही आवडलं तर खालचा. जास्त मतं पडली की लेख पहिल्या पानावर, नाही पडली की गाळात. मनिषाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एमए बीएड. नवऱ्यानं, म्हणजे धम्मपालनं, लॅपटॉप घेतला तेव्हा त्यांना ही जागा सापडली. तिथंच कोकणातल्या एका पोस्टमनचा ब्लॉग सापडला, भंडाऱ्याकडच्या एका नर्सचा सापडला. शाळेतून आल्या की पदर खोचून आधी वाचत बसायच्या. मग वाटलं, हे लिहितात तर आपण का नाही? त्यांनी ‘प्रज्ञाप्रवाह’ नावाचा ब्लॉग काढला आणि ‘स्त्रीशिक्षण : काल, आज आणि उद्या’ हा लेख वेशीवर टांगला. मतं पडली तीन. एक त्यांचं स्वतःचं, एक धम्मपालचं. तिसरं कुणाचं, ते अजून कळलेलं नाही.

आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपलं नाव त्या पहिल्या पानावर दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तीन मतांवरही त्यांनी धीर धरला असता. पण धाकटी जाऊ आडवी आली.

संघप्रिया सोनपेठची, बारावीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा सिद्धोधन, त्याचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान. एक दिवस ती म्हणाली, “ताई, मला बी शिकवा की ते लिव्हायचं.” मनिषाबाईंनी मोठ्या मनानं शिकवलं. समोरचा आपल्यापुढं जाणार नाही याची खात्री असली की माणसाचं मन फार मोठं होतं. मराठी टाइप करणं, ब्लॉग उघडणं, लिंक टाकणं, सगळं दाखवलं. संघप्रियानं ब्लॉगला नाव दिलं ‘चुलीपाशी’. मनिषाबाईंनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

पहिला लेख होता एसटीत शेळी घेऊन चढलेल्या आजीवर. कंडक्टरनं शेळीचं तिकीट मागितलं आणि सगळी गाडी भांडणात उतरली, एवढीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी शेळी पहिल्या पानावर. मग टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडणाऱ्या सासूचा लेख, तोही पहिल्या पानावर. खाली पुण्यामुंबईची माणसं लिहायची, ‘ताई, हसून हसून पुरेवाट झाली.’ ताई! खरी ताई इकडं काल, आज आणि उद्या घेऊन गाळात बसली होती. गुरूची विद्या गुरूलाच फळली, ती ही अशी.

मनिषाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. साधंसुधं नाही, ओवा खाऊन जाणारं नाही. वर्गात पोरं पाढे म्हणत असताना यांच्या डोळ्यांपुढं शेळी. संघप्रियाच्या भाकरीचं घरात कुणी कौतुक केलं तरी यांना भाकरीत मतं दिसायची.

शेवटी त्यांनी ‘वेशीवर’ आणखी एक खातं उघडलं. स्वतःच्या नावाचं नव्हे. नाव दिलं ‘निष्पक्ष वाचक’. संध्याकाळी संघप्रिया मोबाइलवरून नवा लेख टाकायची. निष्पक्ष वाचक सगळ्यांच्या आधी तो वाचायचा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि खालचा बाण दाबायचा. मग मनिषाबाई लॅपटॉपचं झाकण असं आपटायच्या की स्वयंपाकघरातून सासू ओरडायची, “अगं, हळू! फुटंल की ते!”

सासू सगुणाबाई. दोघी सुनांना सारखं, हा तिचा कायदा. लुगडं आणलं तर दोन, एका रंगाची. माशाचं डोकं एकच आलं तर मधोमध चिरून दोघींच्या ताटात. एक तुपाशी आणि एक उपाशी, हे तिच्या घरात चालत नसे. एकदा जेवताना सिद्धोधन बोलून गेला, “आई, संघप्रियाचा लेख परत पहिला आलाय.”

सगुणाबाईचा घास हातातच राहिला. “अन् मनिषाचा?”

धम्मपालनं भाजीत मीठ कमी आहे का ते बघितलं.

“कशानं येतंय पहिलं?”

“मतं पडल्यावर,” सिद्धोधन म्हणाला.

“मतंच ना? मग आपली भावकी काय मेली काय?”

पौर्णिमेच्या वंदनेला सगुणाबाईनं विहारात सगळ्यांना सांगून टाकलं आणि रविवारी घरात मतदान केंद्र उघडलं. पंडितमामा आले, रुख्मिणकाकू आल्या, पार गल्लीच्या टोकाचे मुंजाजीबापू काठी टेकत आले. सिद्धोधन एकेकाचं खातं उघडून द्यायचा, माणूस लॅपटॉपपुढं बसून वरचा बाण दाबायचा आणि चहाला जायचा. रुख्मिणकाकूंनी बोट पुढं केलं. “शाई न्हाई का लावायलात?”

एकाच मशिनवरून अशी मतं घालणं नियमात बसत नाही, हे मनिषाबाईंना पक्कं ठाऊक होतं. वेबसाइटचे नियम त्यांनी दोनदा वाचले होते. पण त्या ओट्यापाशी कोथिंबीर निवडत राहिल्या. जुडी कधीच संपली होती, तरी निवडत राहिल्या. चहा संघप्रिया करत होती, आणि तिचा हसरा चेहरा बघून यांचा तिळपापड होत होता. हिला काहीच कसं वाटत नाही?

दिवेलागणीला ‘स्त्रीशिक्षण’ पहिल्या पानावर आलं. मनिषाबाईंनी पडद्याचा फोटो काढला आणि त्या रात्री दोन घास जास्त जेवल्या.

सकाळी बघतात तो पान कोरं. ‘एकाच जागेवरून बनावट मतदान. सदस्यत्व स्थगित.’ सगळे लेख गायब. मनिषाबाईंना ब्रह्मांड आठवलं. भावकीच्या चहाचा त्यांना विसर पडला. डोक्यात एकच आलं, हिनंच चुगली केली. तशाच स्वयंपाकघरात गेल्या.

“भरलं का मन? तू एकटीच दिसली पाहिजेस सगळ्यांना!”

संघप्रिया परातीतलं पीठ मळायची थांबली. “मी काय केलं ताई?”

“काही नाही. तू कधी काही करतच नाहीस!” असं म्हणून त्या शाळेला गेल्या आणि दिवसभर पोरांवर खेकसल्या.

संध्याकाळी सवयीनं लॅपटॉप उघडला. स्वतःचं खातं बंद होतं, पण निष्पक्ष वाचक शाबूत होता. ‘चुलीपाशी’चा नवा लेख नुकताच आला होता, नाव ‘आमच्या आत्यांची निवडणूक’. आत्या म्हणजे सासूबाई. मत अजून एकही नाही. मनिषाबाईंनी माउसचा बाण खालच्या बाणावर नेऊन ठेवला आणि मगच वाचायला घेतलं.

‘सायटीच्या मालकांनो,’ संघप्रियानं लिहिलं होतं, ‘आमच्या घरून पडलेलं एकबी मत खोटं न्हाई. पंडितमामा खरे हायत, रुख्मिणकाकू खऱ्या हायत, त्यांनी पिलेला चहाबी खरा हाय. मशीन एकच हाय, त्याला आमी काय करावं? लेख मात्र कुणीच वाचला न्हाई, तेवढा गुन्हा कबूल. पर ताईंचं लिखाण काढू नका. मला लिव्हायला त्यांनीच शिकवलं. त्या नसत्या तर हे समदं मी अजून चुलीलाच सांगत बसले असते.’

पंडितमामांवर मनिषाबाई हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही सगळं मायेचं नव्हतं. इतकं सोपं, इतकं चांगलं आपल्याला का लिहिता येत नाही, म्हणूनही होतं. मग त्या परत लेखाच्या वरच्या ओळीवर गेल्या. एकबी मत खोटं न्हाई. या घरात खोटं मत एकच होतं, त्याला अजून कुणी पकडलं नव्हतं, आणि ते आत्ता त्यांच्या बोटाखाली होतं.

खालचा बाण दाबवेना. वरचाही दाबवेना. त्या तशाच बसून राहिल्या.

दारात बांगड्या वाजल्या. संघप्रिया चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवला आणि काळजीनं यांच्या तोंडाकडं बघितलं.

“ताई, बरं न्हाई का तुमाला?”

“का गं?”

“न्हाई… लेख टाकून लय येळ झाला. लॅपटॉप आपटल्याचा आवाज आला न्हाई आज.”

आणि कपावर बशी झाकून ती भाकरी टाकायला गेली.