ज्याची पाळी, त्याची नजर

औरंगपुऱ्यात कापडाच्या एका दुकानावर आम्ही भाड्याने घेतलेली खोली आहे. खोलीच्या मधोमध एक टीव्ही आडवा ठेवलेला आहे, काच वर करून. सुताराने त्याला सागवानी चौकट आणि पाय करून दिले. रविवारी दुपारी या टीव्हीभोवती आम्ही चौघे बसतो आणि खेळतो.

खेळ असा: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. पात्राने काय करायचे हे खेळणारा ठरवतो. ते जमले की फसले हे फासे ठरवतात. गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. आमचा तलवारबाज वैजापूरचा बियाणे-खतांचा दुकानदार आहे, एसटीने येतो. मांत्रिकाचे पात्र शहरात वकिली करणाऱ्या एका बाईंकडे आहे. वाटाड्या माझा कॉलेजपासूनचा मित्र. मूळचा देवगाव रंगारीचा, शेतकरी घरातला, आता विमा कचेरीत अधिकारी. टेबलावर दुकानदार शेठ, वकीलबाई त्या वकीलबाई, आणि माझा मित्र साहेब. उपसंपादक असूनही मला संपादक म्हणतात, ते चिडवण्यासाठी.

टीव्हीवर नकाशा दिसतो. तो माझ्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून येतो. वेगवेगळ्या गावांत बसलेल्या लोकांना एकत्र खेळता यावे म्हणून हे सॉफ्टवेअर केलेले आहे. आम्ही ते एकाच टेबलाशी बसून, आपापल्या मोबाईलवरून वापरतो. खालचे दुकानमालक एकदा वर आले आणि दारातच थांबले.

"सगळे एका खोलीत, तरी हातात मोबाईल? बोला की एकमेकांशी!"

"काका, बोलतोय म्हणून तर खाली आवाज येतोय," वकीलबाई म्हणाल्या.

सॉफ्टवेअर आणण्याचे कारण साहेबाचे डोळे. त्याला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातले दिसेनासे झाले, मग बाजूचे. नळीतून बघावे तेवढे समोरचे राहिले. मोटारसायकल त्याने स्वतःहून विकली. त्या काळात आम्ही कागदी नकाशावर खेळत होतो आणि करंगळीएवढी सोंगटी त्याला सापडत नसे. कुणीतरी ती पटकन उचलून योग्य चौकोनात ठेवायचे. "तू इथं आहेस, साहेब." तो "बरं" म्हणायचा. पुढे पुढे तो दुपारभर तेवढेच म्हणू लागला.

टीव्ही त्यानंतर आला. आता सोंगटी त्याच्याच मोबाईलवरून हलते आणि नकाशा त्याला हवा तेवढा मोठा करता येतो. शेठने टीव्ही आणला, वकीलबाईंनी सुतार गाठला, नकाशातल्या भिंती आणि दारे मी आखली. शहरात असे टेबल आणखी कुणाकडे असल्याचे आमच्या कानावर नाही.

तरीही एका शनिवारी साहेबाचा फोन आला.

"उद्या येतो. पण उद्याचं शेवटचं. बाकीच्यांना सांगू नको, मीच सांगन."

कारण विचारले.

"तुम्हाला टीव्हीवर सगळं एका नजरेत दिसतं. मी शोधीत बसतो, तुम्ही थांबता. लोक माझ्यासाठी थांबलेत, हे ऑफिसात रोजच हाय. रविवारी नको."

फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला.

रविवारचा नकाशा त्याच्या फोनच्या आधीच तयार होता. त्यात मी काहीही बदलले नाही. किल्ल्याखालचे भुयार होते. या जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही ते ओळखू आले असते. शाळेच्या सहलीत देवगिरी किल्ल्यातली अंधारी, ती काळोखी भुयारी वाट, आम्ही सगळ्यांनीच एकमेकांचे शर्ट धरून पार केलेली आहे.

आधीच ठरवल्याप्रमाणे भुयारात छतातून पाणी कोसळले आणि मशाली विझल्या. कोणत्या पात्राला किती दिसते, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. मी ते दोन पावलांवर आणले. तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेचा तुकडा. ज्याची पाळी, टीव्हीवर फक्त त्याची नजर. बाकी काच काळी.

पहिली पाळी शेठची. तो नेहमीप्रमाणे सरळ निघाला आणि भिंतीवर आदळला.

"अबे, ही भिंत कुठून आली?"

"होतीच ती," मी म्हणालो.

वकीलबाईंना बोळ सापडला, तो बंद निघाला. परत फिरताना त्यांना आपण कुठून आलो तेच कळेना. "हा अन्याय आहे. मला काहीच दिसत नाही!"

मग साहेब. त्याने पाऊल टाकलेच नाही. सोंगटी जागच्या जागी डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा समोर. एक पाऊल. पुन्हा डावीकडे, उजवीकडे. दिसेल ते तो बोलत होता. "डावीकडं भिंत. उजवीकडं वाट. म्होरं पायरी, खाली जाणारी. या."

"उजवीकडे वाट असेल हे तुला कसं कळलं?" वकीलबाईंनी विचारले.

"कळलं नाय, बघितलं. मी रोज पैठण गेटला रस्ता ओलांडतो, बाई. नुसतं नाकासमोर बघून भागत नाय."

"मग आम्हाला सांग की."

"आधी मान. मग पाय. अन् बघितलेलं मनात ठेवायचं, परत दिसणार नाय."

पुढचा तासभर काळ्या काचेवर तीन सोंगट्या मान फिरवत चालल्या. पुढे तो. "थांब रे साहेब, मी अजून वळतोय," शेठ म्हणाला.

"थांबलो. घाई नाय." आणि थोड्या वेळाने, "संपादकाला सांगू का, तुमच्यासाठी उजेड वाढवायला?"

"सांगून तर बघ," वकीलबाई म्हणाल्या. शेठ हसला. साहेब सगळ्यात मोठ्याने हसला.

बातमीतला 'अभिमानास्पद' हा शब्द मी नोकरीभर कापत आलो आहे. त्या दुपारी माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

भुयाराच्या तोंडाशी शेठचा धीर सुटला. उजेडाची तिरीप दिसताच तो मान न वळवता धावला आणि कोरड्या खंदकात पडला. फासे वाईट पडले. तलवारबाज बेशुद्ध. तेवढ्यात त्याच्या एसटीची वेळ झाली, म्हणून खेळ तिथेच थांबवला.

सगळे उठले. साहेब बसूनच राहिला.

"मला एक सांगायचं होतं. आज शेवटचं म्हणून आलो होतो."

वकीलबाईंनी पर्स परत टेबलावर ठेवली. शेठने दाराच्या कडीवरचा हात काढला.

"व्हय का? अन् मी खंदकात? तसाच पडून राहू?"

"तेच बघतोय," साहेब म्हणाला. "तुला शुद्ध नाय. वकीलबाईला वाट सापडत नाय. तुला वर काढणार कोण?"

"म्हणजे येतोयस?"

"यावंच लागंल. लई जड माणूस हायेस. एका रविवारात निघशील असं वाटत नाय."