सुशीलाची मागची खोली

सुशीला शाळेला कधी दांडी मारत नसे. घरात जागा नव्हती, म्हणून.

श्यामराव आर्वीहून भिलाईला आले ते कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होऊन. क्वार्टर मिळाला एका खोलीचा. तिथंच बसायचं, तिथंच झोपायचं, कोपऱ्यात देव. मागे चूल आणि हातभर अंगण. आर्वीला त्यांची बायको कलावतीबाई महिन्याचे चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसत. इथं त्या अंगणात पोतं टाकून बसू लागल्या. मग सुशीला वयात आली. तरण्या पोरीनं दिवसभर उघड्यावर बसणं बरं नव्हतं; भिंतीपलीकडून फिटर लोक डोकावत.

"शाळेत जाय," कलावतीबाई म्हणाल्या. "तिथं आपले देव नाहीत."

शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. त्या दिवसांत सुशीला सकाळपासून पाणी पीत नसे. बापाच्या जुन्या धोतराची घडी घेऊन ती शेवटच्या बाकावर बसे, आणि सगळ्या मुली गेल्यावर उठून आधी बाक पाही. जवळच्या सुपेला वस्तीतून येणारी वर्गातली चंपा दर महिन्याला चार दिवस दिसत नसे. पुढे ती दिसेनाशीच झाली. बाई वर्गाला सांगत, "सुशीला को देखो, कभी नागा नहीं करती." सुशीला खाली बघे.

ती मॅट्रिकला गेली त्या वर्षी श्यामरावांना बढती मिळाली आणि मोठा क्वार्टर आला. कलावतीबाई घरभर फिरून मागच्या लहान खोलीपाशी थांबल्या.

"आता कसं घर झालं. पोरीले बसाले खोली आहे."

पहिल्या महिन्यात सुशीला तिथं चार दिवस बसली. खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसत, आणि त्यांचा धूर कुठं जातो ते कळत नसे. दुसऱ्या महिन्यात सहामाहीचा गणिताचा पेपर बुडाला.

"आई, मार्चात बोर्डाचा पेपर असा आला तर?"

"खोली असून विटाळ घेऊन फिरशीन? नव्हती तवा नव्हती."

श्यामराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "यंदा नाही तर पुढच्या साली." पुढचं साल लग्नाचं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सुशीलानं वाद घातला नाही. रविवारी जेवताना तिनं विचारलं, "बाबा, देवरावमामा अजून रिकामेच आहेत का? इथं भरती चालू आहे म्हणतात."

कलावतीबाईंचा वाढता हात थांबला. पण भावाला नको कोण म्हणणार?

देवराव वळकटी घेऊन आले आणि मागच्या खोलीत पसरले. खिडकीवर त्यांचं धोतर, कोनाड्यात विड्या.

"काय वं सुशे, मामाची लईच आठवण आली तुले?"

"हो न मामा. घर खायला उठून राहिलं होतं."

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. कलावतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दाढी करत बसलेल्या भावाकडे.

"जाय शाळेत," त्या म्हणाल्या.

देवरावांना कारखान्यात खलाशाची, अवजड सामान ओढायची नोकरी लागली. फेब्रुवारीत कामगारांच्या हॉस्टेलात जागाही मिळाली. त्यांनी वळकटी बांधली. सुशीला दारात उभी होती.

कलावतीबाई आल्या, त्यांनी भावाच्या हातची वळकटी ओढली आणि खोलीत नेऊन टाकली.

"मार्च होऊ दे. मंग जाय."

"मार्चात काय आहे, बाई?"

"तुले काय कराचं? खोली अडवून राहाय म्हटलं ना."

सुशीलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

बोर्डाचे दोन पेपर नेमके त्या दिवसांत आले. दुसरा देऊन सुशीला मागच्या दारानं आली, हातपाय धुतले आणि अंगणात पोत्यावर बसली. कलावतीबाईंनी हात लागू न देता तिच्या ताटात वरूनच भाकर टाकली.

"सारे सवाल सोडवले का?"